चार मेलेल्या बॅटऱ्या

नागपुरातल्या मे महिन्याला सकाळ अशी नसतेच. रात्र संपते आणि ऊन सुरू होतं, मधलं काही हाती लागत नाही. नाल्याकाठच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, तर सगळी टिनाची घरं. ती रात्रभर तापल्या तव्यासारखी पडून असतात, जराशी निवतात न निवतात तोच पूर्वेकडच्या गोदामावरून सूर्य पुन्हा चढून बसतो. म्हणून वंदना गजभिये अंधुक उजेडातच बाहेर यायची. घरात कूलर घरघरत असायचा, लिंबाखाली तिची ई-रिक्षा चार्जरला लावलेली असायची. बाकीच्या बायका उठल्या की चहा ठेवतात. वंदना गाडीची मागची सीट उचलायची.

सीटखाली लोखंडी पेटीत चार बॅटऱ्या, गोठ्यात जनावरं बांधावीत तशा शेजारीशेजारी. त्यांच्या टोकांवर साचलेली हिरवट बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची, झाकणं फिरवून आत डोकवायचं, पाणी खाली गेलं असेल तर दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या डबकीतलं बॅटरीचं पाणी नरसाळ्यानं घालायचं. उन्हाळ्यात बॅटऱ्या पाणी फार पितात. हे सगळं करताना ती बोलायची नाही. इंदोरा मेट्रो स्टेशनच्या लाइनीत उभी राहिली की दिवसभर तिला बोलायचंच असायचं. सवारीशी, पोलिसाशी, पुढे घुसणाऱ्या पोट्ट्यांशी. तेवढा सकाळचा वेळ ती तोंडाला सुट्टी द्यायची.

त्या दिवशी चार्जरचा दिवा हिरवा होता, म्हणजे गाडीचं पोट भरलेलं. वंदनानं कमाल चौकातल्या बाजारात बसणाऱ्या दोन भाजीवाल्या घेतल्या, टोपल्या घेतल्या, आणि पुलाच्या चढावर अर्ध्यात गाडी बसली. मूठ पिळली तरी हूं की चूं नाही.

"उतरू का ढकलू?" भाजीवालीनं विचारलं.

"उतरूनच ढकला, बाई. बसून ढकलता येत नाही."

दोघी हसत उतरल्या, ढकलत वर नेली, पैसे न देता टोपल्या उचलून निघाल्या. वंदनानं मागितलेही नाहीत.

गाडी ओढत टोलीत आणली ती केशवनं. केशव हा टोलीतला जुना रिक्षावाला, आधी सायकलरिक्षा ओढायचा, आता त्याच्याही दोन ई-रिक्षा होत्या. त्यानं बॅटरीचं झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि वंदनाकडं पाहिलं.

"काय टाकलं वं यात? तळाले गाळ दिसून राहिला."

"पाणीच टाकतो आपण. दुकानातलं."

"हे दुकानातलं नाही. दुकानातल्याचा असा गाळ बसत नाही. मेल्या ह्या. चारी मेल्या."

दारात बसलेल्या सुभद्राबाई, म्हणजे वंदनाच्या सासूबाई, एवढा वेळ सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. केशव गेल्यावर त्या उठल्या, माठाजवळ गेल्या, माठावरचा लोटा उचलून उगाच पुन्हा तिथंच ठेवला.

"वंदने, म्या पाजलं."

"काय पाजलं, आई?"

"पाणी. तू दुपारी जेवाले येते, गाडी उन्हात उभी राहाते, हात लावला तर चटका बसते. म्हटलं सगळ्याइले तहान लागते, हिलेच नाही का. तू करते तसंच झाकण काढून घातलं. माठाचं. गार." मग त्यांनी हळूच जोडलं, "गाळून घातलं वं. फडक्यानं."

नळाचं खारं पाणी, माठाची माती, आणि वरून ही माया. बॅटरी काय वाचणार होती? वंदनाला रडू यायला हवं होतं, आलं हसू, आणि हसता हसता डोळे पुसायची वेळ आली.

"हे कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "मी सांभाळते."

*

वंदनाचं माहेर खापरखेड्याच्या बाजूचं. तिथं कोळसा जळतो, वीज होते. वीज नागपूरला जाते आणि राख तिथंच राहते. लहानपणी वारा फिरला की तिची आई आधी दोरीकडं धावायची. कपडे आत. गावातल्या बायकांनी पांढरं नेसणं सोडूनच दिलं होतं. बुद्ध पौर्णिमेचं, धम्मचक्र दिनाचं पांढरं पातळ घरातल्या घरात, चुलीच्या वरच्या आढ्याला वाळायचं, आणि त्याला धुराचा वास यायचा. तो वास घालवायला आई त्यात चमेलीचं फूल ठेवायची. तरी यायचाच.

लग्न होऊन वंदना टोलीत आली तेव्हा घर काही राजवाडा नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात सुभद्राबाईंनी अंगणातल्या लिंबापासून खांबापर्यंतची दोरी दाखवली आणि म्हणाल्या, "इथं टाकत जा, दिवसभर ऊन असते." नवी नवरी दुपारभर उंबऱ्यात बसून उघड्यावर वाळणारे कपडे पाहत होती. सासूला वाटलं, पोरीला माहेरची आठवण येते. येतच होती, पण वेगळ्या तऱ्हेनं.

नवरा रविंद्र बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात. पाळ्या बदलत्या, येणं-जाणं लांबचं, म्हणून तो तिथंच खोली करून राही आणि सुट्टीला घरी येई. ई-रिक्षा घ्यायचं वंदनाच्याच डोक्यातलं. तेव्हा टोलीत कुणी बाई गाडी चालवत नव्हती. लोक म्हणाले, बाई चालवील तर सवारी बसायची नाही. सवारी बसली, उलट कॉलेजच्या पोरी तिच्याच गाडीची वाट पाहू लागल्या. गाडीला आवाज नव्हता, धूर नव्हता. पहिल्यांदा चालवली तेव्हा तिला वाटलं होतं, ही आपल्या माहेरची वीज आहे. माहेरहून सगळ्यांना काही ना काही येतं. आपल्याला हे आलं.

*

गाडी बंद, म्हणून त्या दिवशी वंदना दिवसभर घरी राहिली. असं क्वचितच व्हायचं. पौर्णिमा जवळ आलेली. तिनं सुभद्राबाईंचं पांढरं सुती पातळ काढलं, धुतलं, नीळ घातली आणि लिंबाच्या दोरीवर टाकलं. पिळताना, झटकताना, पदर सरळ करताना ते तिच्या दोन्ही हातांतून गेलं होतं. सणंग धड होतं.

ऊन कलल्यावर ती काढायला गेली, तर पदराच्या पलीकडचं आभाळ तिला पदरातून दिसलं. बारीक बारीक भोकं. उंदरानं कुरतडलेली नव्हेत, कुठं अडकून फाटलेलीही नव्हेत. मोहरीएवढी, कडेला पिवळट, आणि बोट लावलं की आणखी मोठी होणारी. कुणी वरून चाळण धरून काही शिंपडावं तसं.

नाल्याच्या पलीकडून वारा येत होता. तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव. वंदना ती चव ओळखत होती. सगळी टोलीच ओळखत होती. पण आजवर तिला ती फक्त दुपारी जेवणापुरती आणि संध्याकाळी परतल्यावर यायची, आणि दिवसभर घरी असलेल्या बायकांनी तिला नाव दिलं नव्हतं.

नाल्यापलीकडं, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आडोशाला तिचा दीर रोशन मेलेल्या बॅटऱ्या फोडायचा. दुपारी, लोक कूलरपुढं पडलेले असत तेव्हा. कुऱ्हाडीनं खोकं फोडायचं, आतलं तेजाब नाल्यात, प्लास्टिक एका बाजूला, आणि शिशाच्या पट्ट्या खड्ड्यातल्या भट्टीत. पंखा लावला की धूर निघायचा आणि तळाशी चांदीसारखं शिसं गोळा व्हायचं. ते साच्यात ओतायचं, थंड झालं की विटा विकायच्या. शहरभर ई-रिक्षा वाढल्या तशा मेलेल्या बॅटऱ्याही वाढल्या, आणि रोशनचं घर पक्कं झालं. टोलीतल्या कुणाचंही अडलं की रोशन जुन्या बॅटऱ्या उचलून न्यायचा आणि त्याच दिवशी नव्या बसवून द्यायचा. पैसे मागाहून. वंदनाच्या मागच्या चार बॅटऱ्याही त्याच खड्ड्यात गेल्या होत्या. तिनंच दिल्या होत्या.

ती पातळ हातात घेऊन उभी असतानाच रोशनची माल वाहायची गाडी दारात आली.

"वैनी, ऐकलं मी. केशव सांगत होता. हातासरशी उचलून नेतो, अंधार पडायच्या आत नव्या बसतीन. उद्या धंदा चालू."

वंदनानं पातळ त्याच्यासमोर उजेडात धरलं.

"हे पाहा, भाऊजी."

"काय आहे?"

"तुमच्या मायचं पातळ. पौर्णिमेचं. आज धुतलं, आजच झालं."

रोशननं पाहिलं. त्याला कळलं नाही असं नाही. "नवं आणून देतो ना मायले. दोन आणून देतो."

"दोन आणले तर दोघाइले भोकं पडतीन."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्या चार बॅटऱ्या मी तुमाले नाही देत."

रोशन आधी हसला. मग गाडीचं इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसला. वहिनीशी बोलायचं तर बसूनच बोलायला हवं, एवढं तो तिला ओळखून होता.

"वैनी, तू घरची. तुह्या बॅटऱ्या दुसऱ्याकडं गेल्या तर टोली काय बोलन? घरच्याच लोकाइले भरोसा नाही म्हणन."

"बोलू द्या."

"आणि तू मले धुराचं सांगते? तुही गाडी कायवर चालते? विजेवर. वीज कुठून येते? तुह्या माहेराहून. तिथं धूर होते म्हणून इथं तुह्या गाडीले धूर नाही. आणि नवी बॅटरी कायची बनते? माह्यासारख्याच कोणाच्या तरी भट्टीतल्या शिशाची. मी बंद केलं तर बॅटरी महाग होईन. मग तूच बोंबलशीन."

यातलं खोटं काहीच नव्हतं, हेच वंदनाला जास्त लागलं. रोशन बिनडोक नव्हता. तिनं पातळाची घडी घातली, सावकाश, भोकांवर भोकं येतील अशी.

"तुमचं सगळं खरं आहे," ती म्हणाली. "माहेरी राख खाल्ली, सासरी शिसं खाऊन राहिली. दोन्हीकडचं मीच खाऊ का? एखादं तर सोडू द्या."

"मग गाडी उभीच राहीन."

"राहू द्या उभी. लिंबाखाली आहे, गार आहे."

*

गाडी उभीच राहिली. कामठी रोडवर एक पक्का दुकानदार होता. तो जुन्या बॅटऱ्या न फोडता, तेजाबासकट घ्यायचा, पावती द्यायचा, आणि त्या ट्रकनं शिसं गाळायच्या मोठ्या कारखान्यात जायच्या. तिथं चिमणीला जाळी असते म्हणे. वंदनानं ते पाहिलेलं नव्हतं. पण हा दुकानदार जुन्याचे कमी द्यायचा आणि नव्याला उधारी हा शब्दच ओळखत नव्हता. केशवनं तिला सरळच विचारलं.

"त्या कारखान्याच्या मागंही एखादी टोली असन, वं. तिथलीही एखादी बाई कपडे वाळत घालत असन. मग?"

"असन तर तिथली बाई तिथं भांडन. मी इथं भांडून राहिली. सगळ्या दुनियेचं म्या एकटीनं करावं का?"

केशव डोकं खाजवत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं आपली दुसरी गाडी तिला भाड्यानं दिली, पण दुपारपुरती. ज्या वेळात कुणीच रिक्षावाला बाहेर पडत नाही, डांबर चपलेला चिकटतं, सवारी नाही आणि सावली नाही, त्या वेळात. वंदनानं डोक्याला ओला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला आणि निघाली. जी थोडी सवारी त्या उन्हात बाहेर पडायची ती खरोखर अडलेली असायची: दवाखान्यातून परतणारे, परीक्षेला निघालेले. ती कुणाला नाही म्हणायची नाही.

रविंद्र सुट्टीला आला तो रागावूनच. रोशननं त्याला फोन केलेला होताच.

"तुले गाडी सांभाळता येत नाही आणि वरून भाऊबंदकी लावून राहिली. बॅटऱ्या मेल्या कशा इतक्या लवकर?"

सुभद्राबाईंनी तोंड उघडलं होतं. वंदना मध्येच बोलली, "माहंच चुकलं. पाणी घालाले विसरली उन्हाळ्यात."

"मग चूक तुही आणि भोगते सगळं घर. दे ना रोशनले. भाऊ आहे तो माहा."

"भाऊ आहे म्हणूनच तर त्याले सांगता येते. परका असता तर दुरूनच शिव्या देल्ल्या असत्या."

रविंद्र जेवला नाही. वंदनानं त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि सकाळी रिकामं दिसलेलं ते घासून टाकलं.

*

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सुभद्राबाई चष्मा लावून, सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. पांढऱ्या पातळात पांढरा दोरा. एक भोक शिवलं की शेजारचं उसवत होतं.

"ठेवा ते," वंदना म्हणाली. "हे पातळ उद्या मी नेसते. तुमी माहं नेसा."

"भोकाचं पातळ? विहारात? लोक काय म्हणतीन?"

"तेच तर पाहाचं आहे, काय म्हणतात ते."

टोलीत पौर्णिमेचं पांढरं पातळ म्हणजे वर्षाचा हिशेबच. ते कसं धुतलं, कशी नीळ बसली, यावरून बाईची परीक्षा. फाटकं असेल तर बाई शेजारणीचं मागून नेसेल, पण पंचशील म्हणायला फाटक्यात उभी राहणार नाही. म्हणूनच आजवर प्रत्येकीनं आपापल्या घरात, दार लोटून, आपापली भोकं शिवली होती. कुणी साबणाला दोष दिला होता, कुणी दोरीच्या गंजल्या तारेला. टोलीत भोकं सगळीकडं होती आणि कुणी एकही पाहिलेलं नव्हतं.

सकाळी वंदना ते पातळ नेसून निघाली तेव्हा ऊन तिच्या पाठीतून आरपार जात होतं. विहारात ती मागं बसली नाही. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग मधुकरराव, विहाराचे म्हातारे कारभारी, पातेल्याशी बसून खीर वाढू लागले. बायकांची रांग लागली. मागच्या म्हातारीनं वंदनाच्या पाठीवरच्या भोकात हळूच बोट घातलं.

"हे काय वं, वंदने?"

"घरचं जरीकाम आहे, मावशी," वंदना चांगली मोठ्यानं म्हणाली. "रोशन भाऊजीच्या भट्टीतलं. फुकटात करून भेटते. दुपारी कपडे तेवढे दोरीवर टाकाचे."

मग एकजण म्हणाली, "माह्या चादरीवर आहे असंच जरीकाम."

"माह्या पोट्टीच्या शाळेच्या ड्रेसवर."

"आमच्या तर टिनावर आहे," तिसरी म्हणाली. "रात्री घरातच तारे दिसतात."

हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघड. मधुकररावांनी डाव वर धरून सगळ्यांकडं पाहिलं, पण खीर वाढायची थांबवली नाही.

रांगेच्या पुढच्या टोकाला रोशनची बायको दीक्षा उभी होती. तिचं पातळ कोरं, कडक, दुकानातली घडी अजून न मोडलेली. वळून एकदाच वंदनाकडं पाहून ती निघून गेली. झालं, आता हिच्याशीही तुटलं, असं वंदनाला वाटलं. पण खीर संपायच्या आत दीक्षा परत आली. आता तिच्या अंगावर गेल्या वर्षीचं पातळ होतं. पदर, निऱ्या, पाठ, सगळीकडं शिवणं, आणि शिवणांच्या मधून नवी भोकं. टोलीत सगळ्यांत जास्त भोकं तिच्याच पातळाला होती, कारण भट्टीला सगळ्यांत जवळ दोरी तिचीच. ती गुमान रांगेत शेवटी उभी राहिली. कुणी हसलं नाही. वंदनाच्या हातातली खिरीची वाटी तशीच राहिली.

*

दुपारी रोशन आला. एकटा नाही, त्याची मालगाडी घेऊन. त्यानं वंदनाशी बोलणं टाळलं, सरळ लिंबाखाली जाऊन सीट उचलायला हात घातला. पण सीटवर त्याची माय बसली होती. सुनेचं पांढरं पातळ नेसून, दोन्ही पाय वर घेऊन, हातात सुपारीचा अडकित्ता.

"माय, उठ."

"नाही उठत."

"माय, खाली बॅटऱ्या आहेत."

"माहीत हाये. म्याच मारल्या त्या. माठाचं पाणी पाजून मारल्या, तुही वैनी नाव माहं घेत नाही. आता त्याइच्यावर म्याच बसीन."

रविंद्र दारात उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि मग खाली पायांकडं.

रोशन मागं सरला. राग होता, पण मायला बखोटीला धरून उठवायची धमक नव्हती. तो वंदनाकडं वळला.

"सकाळपासून दोघं-तिघं फोन करून सांगून राहिले, आमच्या बॅटऱ्या देत नाही म्हणून. बायको बोलत नाही. झालं तुह्या मनासारखं? बरं, इथली भट्टी उचलतो मी. तुह्या माहेराकडं जागा पाहून ठेवली आहे, खदानीच्या मागं. तिथं तसंही राखच आहे. कोणाले फरक पडत नाही. तुही दोरी साफ, माहा धंदा चालू. आता तर झालं?"

खरं तर हे तिच्या फायद्याचं होतं. टोलीत धूर नाही, घरात भांडण नाही, संध्याकाळी नव्या बॅटऱ्या. एक हो म्हणायचं फक्त. वंदनाला आईची ती आढ्यावरची पातळं आठवली. धुराचा वास, चमेलीचं फूल.

"तिथंही नाही," ती म्हणाली.

"काहून? तिथं तू राहाते का?"

"तिथं बायका राहातात. भट्टी तिथं लावली तर मी गाडी घेऊन रोज तिथं येईन आणि तुमच्या खड्ड्याच्या काठावर बसीन. आईले घेऊन."

"मी येतो," सुभद्राबाई सीटवरून म्हणाल्या, आणि सुपारी कातरली.

"मग मी खाऊ काय, वैनी?" रोशनचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "सांग ना. तुले सगळं समजते तर हेही सांग. लेकरं माहीही आहेत."

वंदनानं त्याच्या मालगाडीकडं बोट केलं.

"फोडू नका, जशाच्या तशा कामठी रोडले पोचवा. गाडी आहे तुमच्यापाशी. कमी भेटन, मले माहीत आहे. पुरन का नाही, ते मले माहीत नाही. पण माह्या बॅटऱ्या फुटणार नाहीत."

रोशननं थुंकी टाकली, गाडी वळवली आणि गेला. जाताना मायकडं त्यानं पाहिलं नाही. सुभद्राबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

रविंद्र पुढं आला. "उठ, माय," तो म्हणाला. "मी उचलतो. कामठी रोडले नेतो." त्यानं केशवला हाक मारली. दोघांनी चारी बॅटऱ्या सरळ धरून, तेजाब सांडू न देता, केशवच्या गाडीत ठेवल्या, आणि रविंद्र त्यांच्याजवळ बसून गेला. नव्या बॅटऱ्यांना कमी पडलेले पैसे त्यानं कारखान्यातून उचल घेऊन भागवले. त्यावर बायकोला चार शब्द ऐकवायचा हक्क होता त्याला, तो त्यानं वापरलाही. वंदनानं ऐकून घेतलं.

*

भट्टी आता थंड आहे. रोशनचं मन वळलं असं काही नाही. खड्ड्यात टाकायला बॅटऱ्याच येईनात. तो अख्ख्या बॅटऱ्या गोळा करून कामठी रोडला पोचवतो, कधी बाजारसमितीची संत्री वाहतो, आणि वंदनाशी बोलत नाही. दीक्षा बोलते. सुभद्राबाई दर दोन दिवसांनी त्याच्याकडं भाकरी घेऊन जातात आणि परत आल्यावर एकच सांगतात, "अजून फुगून हाये." नाल्याचं पाणी अजून तसंच पिवळं आहे. माहेरहून वीज येते आणि राख माहेरीच पडते. वंदना गाडी चार्जरला लावते तेव्हा हे तिला दर वेळी आठवतं, आणि ती गाडी लावतेच.

आजही अंधुक उजेडात ती बाहेर आली. मागची सीट उचलली, टोकं पुसली, झाकणं फिरवली. दोन खणांत पाणी खाली गेलं होतं. सुभद्राबाई तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, हातात लोटा.

"आई."

"माह्यासाठी हाये वं," त्या म्हणाल्या आणि लोट्यातलं पाणी गटागटा प्याल्या.

वंदनानं डबकीचं झाकण उघडलं आणि नरसाळं पहिल्या खणात बसवलं. दोरीवर काल रात्री टाकलेलं पातळ वाऱ्यानं हलत होतं. ते आत न नेता, तसंच दोरीवर राहू देऊन ती पाणी घालू लागली, बारीक धारेनं, एक थेंब बाहेर जाऊ न देता.